बाबांची चरवी

३ फेब्रुवारी १९८४
पुन्हा धाप! सोमवारी नागपूरच्या डॉक्टरांनी गुड्डूच्या छातीतून सुईने पाणी काढलं. दोन दिवस हसला, खेळला. आज बरगड्या परत वरखाली. लिव्हर दगडासारखं झालंय, पोटातलं पाणी छातीत चढतं, म्हणाले. सव्वा वर्षाचं लेकरू! त्याने कोणाचं काय बिघडवलं होतं?

५ फेब्रुवारी
सासूबाई — ‘चिचेनं चरवी घासू घासू मरशीन का व? स्टीलचं भांडं घे ना.’
कासाराची लेक आहे मी! बाबांनी माझ्या गुड्डूच्या बारशाला स्वतः ठोकून दिलेली पितळी चरवी. गुड्डूचं दूध तिच्यातच तापणार. कल्हई कधीच गेली, पण आतून कशी सोन्यासारखी झळकते. या घरात तेवढं एकच नीट आहे.

९ फेब्रुवारी
नागपूर. पुन्हा सुई. गुड्डू आता रडतही नाही.
विलायतेत मुलांचं लिव्हर बदलतात म्हणे. हे लगेच — ‘माह्यं काढा ना साहेब, द्या त्याले!’ डॉक्टर म्हणाले, जिवंत माणसाचं घेत नाहीत. आपल्याकडे तर काहीच नाही. आणि तिकडेही बदलल्यावर छातीच दगा देते — पाणी, न्यूमोनिया. कितीतरी मुलं त्यातच जातात.
बुडत्याला काडी मिळाली, तीही हातातून काढून घेतली.

१२ फेब्रुवारी
दोन चमचे दूध. बाकी ओकला.

१७ फेब्रुवारी
गुड्डू गेला. एसटीत, यांच्या मांडीवर, मौद्याच्या अलीकडे. नागपूर तासाभरावर होतं. कंडक्टरने गाडी थांबवली. कशाला?

२९ एप्रिल
मला पाचवा महिना. कोणाला आनंद दाखवायची लाज वाटते.
बाबा आले. थकलेत. पिशवीतून नवी चरवी काढली — ‘पयलीपेक्षा जाड पत्र्याची केली, बाई. या लेकराले पुरन.’ पहिल्यांदाच दोघं मोकळं रडलो.

४ मे
गुड्डूचे दवाखान्यातले कागद आणायला हे नागपूरला गेले होते. डॉक्टरांनी एकच विचारलं, ‘बाळाचं दूध कशात तापवायचे?’ कल्हई गेली की पितळेचं तांबं दुधात उतरतं, लिव्हरमध्ये साचतं — नवीन शोध आहे म्हणे. पुढच्या बाळाला पितळ नको.
रोज घासत होते मी. चिंच लावून.
दोन्ही चरव्या माळ्यावर टाकल्या. बाबांना सांगायचं नाही. कधीच नाही.