पितळी टोप आणि त्याचे परागंदा झाकण यांबाबत लवू नाईकधुरे यांची अखेरची इच्छा

मी, लवू कुशाबा नाईकधुरे, वय वर्षे बहात्तर, पूर्वी विणकर, संपापासून घरचा स्वयंपाकी, राहणार लालबाग, दुसरा मजला, जिन्याला लागून असलेली खोली, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, अक्षर वळणदार आहे, आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव असलाच तर खुशीचा आहे. शाळेची सहल निघायच्या आदल्या दिवसासारखे मला आज वाटते आहे. वकीलबाईंनी “मजकूर थोडक्यात लिहा, काका” असे बजावले होते. मी प्रयत्न केला आहे.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. चाळ पाडायची नोटीस लागली आहे. महिनाअखेर सगळे पांगणार. कोणी संक्रमण शिबिरात, कोणी मुलाकडे विरारला. पांगण्याआधी कोणाचे काय ते ठरलेले बरे.

१. वरील खोलीवरील माझे भाडेकरूचे हक्क आणि तिच्या बदल्यात जी काही नवी जागा मिळेल ती, माझा मुलगा आनंदा आणि सून पद्मजा या दोघांच्या नावे समसमान राहील. नव्या घरात स्वयंपाकघराला वेगळी भिंत असेल असे ऐकतो. माझी सूचना अशी की दार कधी लावू नये. फोडणीचा वास बाहेर गेला नाही तर घरातल्या माणसांना जेवणाची हाक कशी ऐकू जाणार?

२. पोस्टातली आणि बँकेतली शिल्लक पद्मजाला. आनंदाला वाईट वाटू नये. ती हिंदमात्याला दिवसभर उभ्याने साड्या उलगडून दाखवते आणि संध्याकाळी दारातूनच विचारते, “बाबा, आज काय?” या प्रश्नावर मी इतकी वर्षे जगलो आहे.

३. माझा धोटा, जो गिरणीतून मी माझ्यासोबत आणला, तो आनंदाला. तो टोकदार आहे, जपून ठेवावा. त्याने मागावर, म्हणजे आमच्या भाषेत साच्यावर, आडवे सूत नेले, नंतर नारळही सोलला, दोन्ही कामांत कुरकुर केली नाही.

४. पाटा-वरवंटा, विळी, खोबरे खवायची अडुळी आणि कोकमांची बरणी पद्मजाला. यासोबत माझी विद्याही तिलाच देतो, कारण विद्या बँकेत ठेवता येत नाही. भायखळ्याच्या बाजारात दिवेलागणीला जावे, तेव्हा भाजीवाला घरी जायच्या घाईत असतो. फ्लॉवरचे दांडे, मुळ्याचा पाला, भोपळ्याची साल हे सगळे जेवण आहे, कचरा नव्हे. दांड्यांची मसुराबरोबर आमटी, पाल्याची सुकी भाजी, सालीची तीळ घालून चटणी. फणसाच्या आठळ्या गावाहून येतात त्या राखेत ठेवाव्यात, पावसाळाभर पुरतात. नारळ अर्धा असेल तर पहिले दूध साराला, दुसरे भाताला, चोथा चटणीला. आणि सर्वांवर राजा म्हणजे कुळथाची पिठी. ऊन भात, वर पिठी, बाजूला भाजलेला पापड. याहून स्वस्त आणि याहून श्रीमंत जेवण मी पाहिलेले नाही.

घड्याळ बघून स्वयंपाक करू नये. गावच्या शाळेत गुरुजींनी पाचवीत शिकवलेल्या कविता मला चालीसकट पाठ आहेत. पिठीला उकळी यायला नदीची कविता सगळ्या कडव्यांसह एकदा, मसुराला पाखरांची दोनदा. भात मात्र लांबलचक आहे, त्याला शिवरायांचा पोवाडाच लागतो. पद्मजाला सगळ्या चाली येतात. तरीही ती गुपचूप मोबाईलचा गजर लावते, हे मला माहीत आहे.

हे शिकलो कसा, तेही नोंदवतो. संपात गिरणी बंद झाली, माझी पत्नी सुभद्रा (आता हयात नाही) पापड लाटायला जाऊ लागली आणि चूल माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी मी पिठी केली. सुभद्रा ताटाकडे बघत राहिली.

“अहो, ही पिठी आसा काय गोटे?”

“गुठळ्या राहिल्यात थोड्या.”

“थोड्या? साच्यावर इतकी वर्षां धागो सांभाळलास, हंय पीठ सांभाळूक येयना?” मग दोघे पोट धरून हसलो. गुठळ्यांसकट सगळी पिठी संपली.

५. आता मुख्य वस्तू. माझ्या सासऱ्यांनी दिलेला मोठा पितळी टोप.

या टोपाची हकिगत सांगितल्याशिवाय हे कलम कोणाला कळणार नाही. संपात रॉकेल मिळेना. मग आमच्या मजल्यावरच्या चार घरांनी ठरवले, चार स्टोव्ह कशाला, संध्याकाळी एकच टोप चढवायचा. टोप माझा. त्याला झाकण नव्हते. ते समोरच्या खोलीतल्या कोंडीराम मांडवकराने भायखळ्याच्या जुन्या भांड्यांच्या दुकानात शोधशोधून आणले. असे बसले की जणू दोघे एकाच साच्यातले. कोंडीराम माझ्याच खात्यातला, शेजारच्या साच्यावरचा.

नियम सुभद्राने घातला. मी पाण्यात कुळीथ किंवा मसूर टाकून स्टोव्ह पेटवायचा. मग ज्याच्या घरात जे असेल ते त्याने पदराआड आणायचे, झाकण बोटभर उचलायचे, आत सोडायचे आणि झाकण ठेवायचे. कोणी मूठभर तांदूळ, कोणी बटाटा, कोणी सुकट. दुसऱ्याने बघायचे नाही, विचारायचे नाही. ज्याच्याकडे काही नसेल त्यानेही झाकण उचलायचे आणि ठेवायचे. आवाज सारखाच येतो. मी त्यावर दोन ओळी केल्या होत्या, पोरे त्या म्हणत जेवायला बसत:

टोपात शिजते काय कुणाचे, झाकण एकच जाणे;
पोटभरीने जेवून घ्या रे, पुसू नका रे उखाणे.

त्या साली पूर्ण श्रावण पाळणे कोणाला झेपणारे नव्हते. सुकट हेच तोंडी लावणे. पण श्रावणी सोमवार मजल्यावर सगळे पाळत. सुभद्रा दिवसभर उपास करी आणि याच टोपातल्या जेवणावर सोडी. अशाच एका संध्याकाळी तिने वाढायला झाकण काढले आणि जवळ्याचा वास थेट जिन्यापर्यंत गेला.

“कोणी टाकला?” मी विचारले. नियम मोडला, पण विचारले.

“मी,” कोंडीराम म्हणाला. “रविवार आहे. रविवारी नाही खायचा तर कधी खायचा?”

“रविवार? अरे आज सोमवार!”

“काल शनिवार होता, लवू.”

“काल रविवार होता!”

हसू नये. भोंगा बंद, पाळी बंद, सुट्टी बंद. ज्या वारांवर आमचे आयुष्य टांगलेले होते तेच गळून पडले होते. मलाही खात्री खालच्या पिठाच्या गिरणीवाल्या रामदासच्या कॅलेंडरवरूनच होती. शिवाय शीव कोळीवाड्याची शांतीबाई त्या दिवशी सुकी मासळी घेऊन फिरकली नव्हती. श्रावणी सोमवारी ती येत नसे. मी हे दोन्ही पुरावे मांडले. सुभद्रा म्हणाली, “देवाक सगळा कळता. पोरांक वाढा.” तिने स्वतः मीठ-भात खाल्ला. पोरांनी टोप चाटून ठेवला. तेथे विषय संपायला हवा होता.

पण कोंडीराम उठून म्हणाला, “दिवसभर कविता म्हणत फिरणाऱ्याला वार काय कळणार? कवड्या!” आणि झाकण काखेत मारून गेला. “टोप तुझा, झाकण माझं.”

त्यानंतर आमचे बोलणे नाही. गॅलरीत समोरासमोर दात घासले, एकमेकांच्या घरच्या मयतांना खांदा दिला, पण शब्द नाही. माझ्या टोपावर परात आणि तिच्यावर वरवंटा. वाफ कडेने निसटते. पिठीला तेव्हापासून एक कडवे जास्त लागते.

तो सोमवारच होता. मेल्यावरही मी या बाबतीत माघार घेणार नाही. मात्र कवड्या म्हटल्याचा राग मी या कलमान्वये सोडून देत आहे. माझ्यानंतर तो कोणीही वारसाहक्काने चालवू नये.

टोप मी कोंडीरामलाच देणार होतो. पण वकीलबाई म्हणाल्या, “काका, साक्षीदाराला काही ठेवू नका, पुढे शंका काढतात.” आणि साक्षीदार मला तोच हवा. माझे डोके ठिकाणावर असल्याची साक्ष, ज्याने मला वेड्यात काढले त्याच्याहून कोणाची वजनदार? शिवाय तो मुलाकडे विरारला गेला की झाकण विरारला, टोप शिबिरात. मग या जन्मी जुळत नाहीत.

म्हणून शुक्रवारी पद्मजाला त्याच्या दारी पाठवले. मी इकडे कान देऊन उभा.

“मांडवकर काका, बाबांच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही कराल?”

“कोण, लवू? मरतोय काय?”

“नाही हो. कालच पिठी केली त्यांनी.”

“वास आला. करपली होती.” (करपली नव्हती.) मग त्यानेच विचारले, “सही कुठल्या वारी?”

“सोमवारी.”

“श्रावणातल्या?”

“हो काका.”

आणि दार लागले. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पण बोलला! माझ्याबद्दल, माझे नाव घेऊन! तेव्हापासून मला झोप नाही आणि भूक मात्र दुप्पट.

सबब टोप पद्मजाला देतो. झाकण माझ्या मालकीचे नाही, म्हणून ते कोणाला देण्याचा मला अधिकार नाही. ज्याचे आहे त्याने ठरवावे.

६. माझ्या तेराव्याला केटरर बोलावू नये. पिठी आणि भात, त्याच टोपात. येणाऱ्याने झाकणाखालून हवे ते सोडावे. झाकण मिळाले नसल्यास परात चालेल, पण मग माझा आत्मा वाफेच्या वाटेने निसटेल, त्याला मी जबाबदार नाही.

७. हे कलम सोमवारी संध्याकाळी, सही होण्यापूर्वी, वकीलबाई, आनंदा, पद्मजा आणि रामदास यांच्या समक्ष माझ्या हाताने जोडत आहे. टोप चढवला आहे. नदीची कविता चौथ्या कडव्यावर असताना दार वाजले. कोंडीराम आला आहे. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी गोल. माझ्याकडे न बघता त्याने परात उतरवली, झाकण ठेवले. बसले! पहिल्या झटक्यात बसले! मग त्याने बंडीच्या खिशात हात घातला, झाकण बोटभर उचलले, आत काहीतरी सोडले आणि ठेवले. नियमाप्रमाणे मी पाहिले नाही, आणि कोणी विचारूही नये. एवढेच नोंदवतो की वास जवळ्याचा नाही.

वरील मजकूर मी वाचला, पद्मजाने मोठ्याने वाचून दाखवला, तो माझाच आहे. आता सह्या लवकर उरकाव्यात. भात निवतो आहे.

मृत्युपत्र करणार: लवू कुशाबा नाईकधुरे (सही)

साक्षीदार १: रामदास विठू गावकर, पिठाची गिरणी, तळमजला (सही). लवूकाकांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: कोंडीराम धोंडू मांडवकर, निवृत्त विणकर, दुसरा मजला (सही). याने माझ्यासमोर सही केली. डोके ठिकाणावर आहे, पूर्वीही होते. पिठीत गुठळ्या अजून आहेत. झाकण टोपाबरोबर राहील. तारीख मी माझ्या हाताने घालतो, कोणी सांगू नये.

ठिकाण: लालबाग, मुंबई
दिनांक: २७ जुलै २००९
वार: सोमवार. कॅलेंडर बघून आलो आहे.