कोऱ्या पानावरचे वळ

प्रिय देवादादा,

फोनवर आपण हवापाण्याच्या पलीकडे जात नाही, म्हणून हाताने लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस. बाबांची विमा कचेरीतली शिस्त आठवते ना? दाबून लिहा, तीन कार्बनखाली उमटलं पाहिजे. प्रताप नगरच्या घरात आपण किराण्याची यादीसुद्धा तशीच लिहायचो. पॅडवरचं पान फाडलं की खालच्या कोऱ्या पानावर वळ राहायचे. त्यावर पेन्सिल आडवी धरून हलकेच घासली की अक्षरं पांढरी उमटतात, ही जादू मला तूच शिकवलीस. अख्खी सुट्टी मी घरभर पॅडं धुंडाळत होते आणि तू मला जासूसबाई म्हणायचास. किती मजेत होतो रे आपण.

आता त्याच जादूवर माझी नोकरी चालते. फक्त पोलिसांच्या प्रयोगशाळेत पेन्सिल वर्ज्य, घासलं की पुरावा बिघडला. आम्ही खोलीत अंधार करतो, कागदाच्या कडेला अगदी आडवा दिवा लावतो आणि वरून कॅमेऱ्याने टिपतो. दाबलेल्या खाचांत सावली भरते आणि अक्षरं दिसू लागतात. गेल्या महिन्यात असंच एक पॅड आलं. एका कचेरीत साहेबांना धमकीची चिठ्ठी आली होती आणि सगळ्यांचा संशय चंदन नावाच्या कारकुनावर. सहा महिने त्याच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. पॅड मात्र दुसऱ्याच माणसाच्या खणातलं होतं. दिवा सरकवत सरकवत चौदाव्या फोटोत धमकीची ओळ न् ओळ मिळाली. चंदन सुटला, माझं कौतुक झालं, आणि मानसरोवरला घरी येताना मेट्रोत मला सारखा वरुण आठवत राहिला.

आपल्या शेजारच्या बँकवाल्या काकांचा वरुण, ज्याच्याशिवाय तुझं पान हलत नव्हतं. परवा तो जगतपुरा स्टेशनबाहेर भेटला. केस पिकलेत. उभ्याउभ्याच अर्धा तास गप्पा मारल्या. निघताना त्याने एवढंच विचारलं, "देवा अजून चित्रं काढतो का?" मी त्याचा नंबर लिहून घेतला.

दादा, बडोद्याच्या चित्रकला कॉलेजला तू गुपचूप अर्ज लिहिलास, ते फक्त वरुणला माहीत होतं. बाबांना कळलं, तुला इंजिनीअरिंगला जावं लागलं, आणि तू वरुणशी कायमचं बोलणं टाकलंस. वरुणने तोंड उघडलं नव्हतं. तुझ्या पॅडवर पेन्सिल मी घासली होती आणि ते पान बाबांच्या हातात मीच दिलं. तेव्हा मी म्हणाले, जादू दाखवते आहे. खरं तर तू घर सोडून जाशील, याची भीती वाटली होती. तेरा वर्षांची होते, हे खरं. पण नंतरची बावीस वर्षं तर मी मोठीच होते ना. माझ्यावर हवा तेवढा रागव, बोलू नकोस हवं तर. पण वरुणला फोन कर. नंबर खाली लिहिला आहे, तीन कार्बनखाली उमटेल इतका दाबून.

तुझीच,
स्वानंदी