बिपिनबिहारीस काहीही न देण्याबाबत

मी, कुमुदिनी अस्थाना, वय एक्याऐंशी, राहणार मिर्झापूर, राज्य सरकारच्या खरेदी खात्यातील निवृत्त अधिकारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते. जिज्जीला भ्रम झाला आहे, असे माझा धाकटा भाऊ बिपिनबिहारी गावभर सांगतो. म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. भ्रम असता तर घर त्यालाच दिले असते.

१. राहते घर माझ्या पगारातून बांधलेले आहे. ते भदोहीच्या मुलींच्या वसतिगृहास द्यावे. बिपिनचा किंवा त्याच्या मुलांचा त्यावर हक्क नाही. कारण लिहिते, कोर्टात त्याने ते मोठ्याने वाचावे.

सरकारी विश्रामगृहांसाठी गालिचे घ्यायचे होते. लहान मुलांकडून विणून घेतलेला माल सरकार घेणार नाही, ही अट निविदेत मीच घातली होती. आपल्याकडे एकही मूल कामाला नाही, असे सगळ्या कारखानदारांनी शपथेवर लिहून दिले, बिपिननेही. मी न कळवता त्याच्या भदोहीच्या कारखान्यात गेले. मागांवर मोठी माणसे बसली होती, पण एकालाही गाठ मारता येईना. ते त्याचे कारकून होते. लोकरीच्या गोदामाला बाहेरून कुलूप होते आणि आतून खोकला ऐकू येत होता.

"उंदीर असतील, जिज्जी."

"उंदीर खोकतात?"

कुलूप काढायला लावले. मुले बाहेर आली, केसांत लोकरीचा भुसा. तरी बिपिन म्हणाला, "बारीक गाठीला बारीक बोटंच लागतात. शिवाय त्यांच्या पोटाला मिळतं की!"

"मग तुझ्या मन्नूला बसव. त्याचीही बोटं बारीकच आहेत."

त्याचा मुलगा मन्नू तेव्हा नैनितालच्या शाळेत घोडेस्वारी शिकत होता.

मी निविदा फेटाळली, मुलांना वसतिगृहांत पोचवले. आमचे संचालक म्हणाले, "कुमुदिनीजी, गालिच्याला पाय पुसायचे असतात, त्यावर प्रवचन द्यायचं नसतं." मग माझी ललितपूरला बदली झाली आणि बिपिनने राखीपौर्णिमेला मला दार लावून घेतले. दोन्हींमुळे माझी तब्येत सुधारली.

२. बँकेतील ठेवही त्याच वसतिगृहास. अट एकच: भिंतीवर बिपिनचा फोटो कधी लागता कामा नये. हल्ली तो बालदिनाला वह्या वाटतो.

३. आईच्या सोन्याच्या बांगड्या फुलमती बिंद हिला द्यायच्या ठरल्या होत्या. त्या गोदामातून निघालेल्यांपैकी ती एक; आज जिल्हा रुग्णालयात परिचारिका आहे आणि माझे दुखणेखुपणे तीच काढते. वकील दुबेजी म्हणाले, "हिला काही मिळालं आणि साक्षीदारही हीच, तर तुमचे भाऊ कोर्टात त्यावरच बोट ठेवतील." मी म्हटले, साक्षीदार दुसरा शोधा. फुलमतीने तिच्या हाती दिलेल्या बांगड्या परत माझ्या उशाशी ठेवल्या.

"बुआजी, बांगड्या वसतिगृहाला द्या. मी त्या कारखान्यात नव्हतेच, असं बिपिनबाबूंनी सरकारला लिहून दिलं होतं. या कागदावर मला माझं नाव लिहायचंय."

म्हणून बांगड्याही वसतिगृहास.

मृत्युपत्राप्रमाणे सर्व व्यवस्था ॲड. रमाकांत दुबे यांनी पाहावी. मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

कुमुदिनी अस्थाना
मिर्झापूर, ११ फेब्रुवारी २०१९

साक्षीदार:
१. डॉ. निर्मलेंदु घोषाल
२. फुलमती बिंद