कण्याखालचा टेकू

२ मे, शुक्रवार

समुद्र सोडून बोटीच्या नोकरीसाठी डोंगराच्या पायथ्याशी आलेली रेवदंड्याची मी पहिलीच बाई असेन. निघताना आईने विचारलंच, की कर्जतला बोटी काय विहिरीत चालवतात का. सकाळी टेंपोतून सामान उतरवलं. नवीनने नेहमीप्रमाणे एक पेटी उचलली आणि कंबर धरून बसला. माझ्या नवऱ्याचं हे दुखणं गाडी चालवून लागलेलं, लग्नाच्याही आधीचं. त्यामुळे त्याचा दोष मला देता येत नाही, याचं सासूबाईंना फार वाईट वाटतं.

जागा मात्र झकास. कडावच्या बाजूला योगेंद्र शेठचं शेतघर, समोर माथेरानचा डोंगर, मागे भाताची रिकामी खाचरं. बोट इथे शेडमध्ये राहते आणि पाणी आहे खालापूरच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्यावर. म्हणजे बोट ट्रेलरवर चढवायची, नवीनने जीपला जोडून तिकडे ओढत न्यायची, आणि मी पाण्यात घालून पर्यटकांना फिरवायचं. पूर आला तर माणसं काढायलाही हीच बोट जाते, असं शेठ छाती फुगवून म्हणाले. स्वयंपाकाला भागूबाई म्हणून म्हातारी आहे. तिने आल्या आल्या भाकरी आणि सुकट वाढली. समुद्राकाठच्या बाईला सुकट वाढायला हिंमत लागते, पण चांगली होती.

४ मे, रविवार

आज बोट नीट पाहिली. तळ फायबरचा, कडक. दोन्ही अंगांना रबराचे जाडजूड फुगे. बोट उत्तम आहे, पण ती ट्रेलरवर ठेवणाऱ्याला चार फटके द्यायला हवेत. अशा बोटीचं सगळं वजन तिच्या कण्यावर, म्हणजे तळाच्या मधल्या धारेवर यायला हवं. कण्याखाली रबरी रोलर असतात ते त्यासाठीच. बाजूच्या फळ्या फुग्यांना नुसत्या चाटून असाव्यात, बोट कलंडू नये एवढ्यापुरत्या. इथे रोलरच नव्हते. कणा हवेत आणि सगळी बोट फुग्यांवर लटकलेली, माणसाला काखेत धरून दिवसभर टांगून ठेवावं तशी. खड्ड्यांतून असं नेलं की फुगे तळापासून उसवतात.

शेठना विचारलं तर म्हणाले, आधी गजा नावाचा माणूस हे बघायचा, तो गेला, तेव्हापासून असंच आहे. चांगल्या नोकऱ्या सोडून माणसं जातात कुठे कोण जाणे. रोलर कोपऱ्यात मिळाले. मी आणि नवीनने बोट स्क्रू जॅकवर उचलली, रोलर बसवले आणि तिला सावकाश खाली घेतलं. कणा रोलरवर बसला. फुगे आणि फळ्या यांच्यात कागद सरकेल एवढी फट राहिली. मी स्वतःवर खूश होऊन दोनदा चहा प्यायले.

७ मे, बुधवार

रोलर काढून शेडबाहेर टाकलेले सापडले. बोल्ट कापलेले नव्हते, वाकलेले होते. गड्यांना शिव्या घातल्या. ते म्हणाले, दुपारच्या वेळी आमी त्या शेडात जातच नाय. का, ते सांगेनात. परत बसवले.

नवीन मात्र जातो. जेवण झालं की ट्रेलरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत चटई टाकून पाठ टेकतो. बोटीच्या खाली माठासारखा गारवा आहे म्हणतो. आणि खरंच, त्याची कंबर थांबली आहे. आज त्याने पाण्याचं भरलेलं पिंप एकट्याने हलवलं. मला इतका आनंद झाला की रोलरचा राग विसरले.

१० मे, शनिवार

ऊन टळटळत होतं तेव्हा शेडमधून आवाज आला, ओली फांदी मोडल्यासारखा. शेतावरचा काळा कुत्रा बोटीखाली शिरला होता. तो उभा असतानाच त्याच्यावर वजन आलं असावं, कारण चारी पाय चार दिशांना फाटले होते आणि पाठीच्या जागी पन्हळ पडली होती. आतडी नवीनच्या चटईवर. रोलर पुन्हा सुटून पडलेले. पण बोट बांधायचे पट्टे ताणलेले, फळ्या जागच्या जागी, बोट वर होती तिथेच. फक्त कण्यावरून रक्त ठिबकत होतं.

मी बाहेर जाऊन ओकले. नवीनने शांतपणे कुत्रा ओढून काढला, कणा धुतला, दुसरी चटई अंथरली. मग म्हणाला की कुत्रा लहान पडला. मी विचारलं, कशाला लहान पडला. तो चटईच्या कडा सरळ करत बसला.

१२ मे, सोमवार

आज भागूबाईने सांगितलं. गजा तिचा मुलगा. तो नोकरी सोडून गेला नव्हता, मेला होता. गेल्या पावसात पुराकडे बोट नेताना उतारावर कण्याखालचे रोलर तुटले. शेठने त्याला घोडा होऊन खाली शिरायला सांगितलं, आम्ही ठोकळे आणतो तोवर जरा पाठ लाव म्हणाले. ठोकळे यायला संध्याकाळ झाली. गजा बराच वेळ बोलत होता, म्हणे. मग त्याचे नुसते सुस्कारे ऐकू येत होते, मग तेही नाही. काढला तेव्हा त्याची पाठ कण्याच्या मापाची झाली होती.

म्हातारी रडली नाही. भांडी घासत म्हणाली, "तिला पाठीची सवय लागलीय गं बाय. आता लोखंड नाय चालत. तुजा नवरा घे नि जा."

मी हसण्यावारी नेणार होते. जमलं नाही.

१३ मे, मंगळवार

शेठने कर्जतहून सदू वेल्डर बोलावला, रोलर कायमचे जोडून टाक म्हणून. सदूचा हात कण्याखाली असताना रोलर फिरले. कोणी फिरवले नाहीत, आपले आपण फिरले, आणि त्याचा हात उसाच्या कांड्यासारखा आत ओढत नेला, आधी बोटं, मग मनगट, मग कोपर. हाड बाहेर आलं तरी थांबले नाहीत. गड्याने आणि मी पहारीने तो सोडवला. कोपराखाली काही उरलं नव्हतं. त्याचं रक्त माझ्या केसांत गेलं, अजून निघत नाही.

नवीन तिथेच उभा होता. रडणाऱ्या मुलाला थोपटावं तसा फुग्याला थोपटत होता. शेठ सर्वांना म्हणाले, जॅक सरकला असं सांगायचं.

मला भीती वाटते.

१५ मे, गुरुवार

सामान बांधलं. नवीन येत नाही. आंघोळीला बसला तेव्हा त्याची पाठ पाहिली. मधोमध लांब खोबण, काळीनिळी, माझा अंगठा बसेल एवढी. दुखत नाही म्हणतो. उलट जन्मात पहिल्यांदा बरं वाटतंय म्हणतो. मी हात धरून ओढला, तर त्याने जॅकचा दांडा घातला माझ्या तोंडावर. दोन दात गेले. सात वर्षांत या माणसाने माझ्यावर आवाज चढवला नव्हता.

शेठकडे गेले, रक्ताच्या तोंडाने. त्यांनी दाराच्या आतूनच सांगितलं, की एक माणूस खाली असला की बोट शांत राहते, तर राहू दे की. आणि कडी घातली.

मी एकटी जाऊ शकते. फाटक उघडं आहे. पण त्याला इथे टाकून कशी जाऊ.

१६ मे, शुक्रवार

सकाळी रोलर नवीननेच काढले. आता खाली आहे. घोडा होऊन, हातापायांवर, डोळे मिटून. झोपला आहे — तसाच.

फुगे वर-खाली होतात. त्याच्या श्वासाबरोबर.

पाय धरून ओढला. माझी नखं उखडली, तो तसूभर हलला नाही. जॅक पोटाखाली घेतलाय. काढायला गेले तर अंगठा चावला, हाडापर्यंत.

गडी पळाले. भागूबाईला कडावला धाडलंय, माणसं आण म्हणून. धावत गेली बिचारी. पण कधी येणार —

कोयता आहे. फुगे कापते. तिचा श्वासच बंद करते.

१६ मे, दुपार

कापले. दोन्ही. आतून गरम वारा, माणसाच्या तोंडाचा वास, आणि सुस्कारा — लांब —

चुकले. रोलर नव्हते. बोट फुग्यांवरच होती, मला माहीत होतं, मलाच माहीत होतं. फुगे बसले आणि सगळं वजन त्याच्या —

आवाज आला. पाठीचा. तोंडातून रक्त. डोळे उघडले त्याने. मला हर्षू म्हणाला, नेहमीसारखं. तो माझा नवीन होता, त्या क्षणी माझाच.

मी आत शिरले. त्याच्याशेजारी. पाठ लावली, हातांवर जोर दिला, उचललं — थोडं. तो कोपरांवर सरपटत निघाला. पाय मेलेले, मागे फरफटत.

बाहेर आहे. जिवंत आहे. निघाला तो बाहेर.

डाव्या हातावर सगळा भार. उजवा मोकळा. वही खिशातून पडली, पेन तिच्यात. लिहिते. नाहीतर किंचाळेन, आणि किंचाळले की पाठ ढिली पडते.

बरगडी गेली. आणखी एक.

नवीनने जॅक लावलाय, आडवा पडूनच. दांडा फिरवतो. बोट वर जातेय — जरा सुटलं — श्वास घेता आला —

थांबला. का थांबला.

तळावर हात फिरवतोय. माझ्याकडे बघत नाही. तिच्याशी बोलतोय काहीतरी, हळू.

पुन्हा फिरवतोय. वजन कमी होत नाही. वाढ —

नवीन, उलटा फिरवतोयस. नवीन दांडा उल