शिवाने आवळलेला बोल्ट

पाटण, १२ फेब्रुवारी १९६६

आज विहिरीवरचं इंजिन शेवटी उघडलं. रजा संपवून शिवा पलटणीत परत गेला, त्या सकाळी हे बोल्ट त्यानेच आवळले होते. लढाईतून तो आलाच नाही, आणि इंजिनाला हात लावायचा मला धीर झाला नाही. सगळं गंजून गेलं.

मिस्त्रीने पाना लावला, तर एका बोल्टाचं मुंडकंच तुटून आलं. "आवं आबा, लय जोरात आवळलंय की कुणीतरी!" परगावचा माणूस, त्याला काय ठाऊक. "माझ्या पोरानं," एवढंच म्हणालो. मग त्याने अडकलेल्या तुकड्यावर रॉकेल सोडलं, तापवलं, छिन्नीने हळूहळू उलटा ठोकत राहिला. निघू नये असं मला का वाटत होतं? पीक वाळतंय, पाणी तर हवंच.

दिवस मावळताना निघाला. मिस्त्रीने नवा बोल्ट घातला आणि पाना माझ्या हातात दिला. होता तेवढा जोर लावला. त्याने चाचपून पाहिलं. "अजून ढिला हाय, आबा." मग त्यानेच आवळला आणि इंजिन चालू केलं.

घरी आलो तेव्हा हिने विचारलं, "पाणी आलं?"

"आलं," म्हणालो. बोल्टाचं काही सांगितलं नाही.