मायच्या मशीनची लाइन

केदारखेडा, ११ जून, सकाळ

चि. कल्याणला अक्काचे अ. उ. आशीर्वाद.

वावटळीत मोबाईलचा टॉवर बंद पडला, म्हणून जीपवाल्या बद्रीनाथजवळ चिठ्ठी देऊन राह्यले. लाइट आली, पण मायचं ऑक्सिजनचं मशीन थोडं चालतं, ओरडतं अन् बंद पडतं. लाइनमन म्हणाला, साऱ्या गावाचाच व्होल्टेज कमी हाय, वाट पाहा. मायची नखं निळी पडून राह्यली. दवाखान्यात न्यावं, तर जीपमध्ये बसायचा दम तिच्यात न्हाई. घरातला ऑक्सिजनचा सिलिंडर आजचा दिवस पुरला तरी लई झालं.

तुझा पाय प्लास्टरात, तू येऊ शकत न्हाईस. पण मिलमधल्या एवढाल्या मोटारी सांभाळतोस, मंग बहिणीला काहीतरी सुचव रे.

तुझ्या उत्तराकडं डोळे लावून,
बेबीअक्का

जालना, ११ जून, दुपार

ती. अक्कास सा. न. वि. वि.

माझं मीटर पाठवतोय. घरातलं बाकी सारं बंद कर, फक्त मशीन लाव. मीटरपेटीजवळच्या सॉकेटमध्ये व्होल्टेज पाहा, मंग मशीनच्या सॉकेटमध्ये. शेवटी पेटीतून खोलीकडं जाणाऱ्या लाल तारेभोवती मीटरचा चिमटा अडकव, करंट दिसंल. उघड्या तारेला हात लावू नको. लहानपणी रेडिओ खोलून मला झटका दिलास, ते विसरलो न्हाई!

मायला माझा नमस्कार. जल्दी कळव.
तुझा कल्याण

केदारखेडा, ११ जून, चार वाजता

चि. कल्याणला आशीर्वाद.

पेटीजवळ २२८ व्होल्ट, मशीनजवळ १६८, करंट २ अँपिअर. मशीन पुन्हा पुन्हा लावून पाहून राह्यले. मायला लई धाप लागून राह्यली. मला हे आकडे कळत न्हाईत रे.

अक्का

जालना, ११ जून, संध्याकाळ

अक्का, नमस्कार.

खोलीतल्या सॉकेटात मशीन लावू नकोस! लाइनमन चुकला. पेटीपर्यंत २२८ बराबर येतात, मधले साठ व्होल्ट आपल्याच घरात गडप होतात. साठ भागिले दोन, तीस ओहम रेझिस्टन्स, म्हणजे करंटला अडथळा. एवढ्याशा धड तारेत एकसुद्धा नसतो. म्हणजे मधे कुठंतरी तारेचा जोड सैल झालाय. अन् साठ गुणिले दोन, एकशेवीस वॅट त्या जोडात नुसते तापून राह्यलेत. तार मायच्या खाटेवरच्या माळ्यातून, गोधड्यांमागून जाते. खाली ऑक्सिजन!

खोलीचा फ्यूज काढ. पेटीजवळच्या सॉकेटमधून जाड वायरनं मशीन चालव. बद्रीनाथ पॅसेंजरची वाट न पाहता रिकामी जीप घेऊन परत निघालाय.

कल्याण

केदारखेडा, १२ जून

चि. कल्याणला अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी वाचून आधी फ्यूज काढला. माळ्यावर चढले, तर मागची गोधडी कोळशासारखी काळी, जोडाची पट्टी वितळलेली. शेजारच्या आशाबाईनं गिरणीची जाड वायर सोडून आणली. ती जोडतानाच सिलिंडर संपला. मायनं माझा पदर घट्ट धरला अन् डोळे फिरवले. मी रडत बटण दाबलं. मशीन ओरडलं, वाटलं, गेलं सारं. मंग ते चालू लागलं अन् चालतच राह्यलं. मीटर २२५ दाखवून राह्यलं.

पहाटे नखं गुलाबी झाली. मायनं दुधात कुस्करलेली भाकर खाल्ली अन् म्हणाली, बेबी, तू कालपासून उपाशी हायेस, आधी जेव.

जेवायला बसते. असाच जीव लावत राहा.
बेबीअक्का