पंधरा हजार पावलं

प्रिय संगीता,

मी जळतोय हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं आडपडदा राहणार न्हाई. नर्सिंग शिकायला अंबाजोगाईला गेलीस तवापासून तू रोज सांजच्याला मोबाईलवरच्या पावलांचा फोटो धाडतेस. वसतिगृहातल्या तुमी बायकांनी शर्यत लावलीय, दिवसभरात कोण जास्त चालतं त्याची. पहिल्यांदा मलाबी लई कौतुक वाटलं. मग एक दिवस पंधरा हजारांचा आकडा आला, आणि त्याच दिवशी फोनवर तू म्हणालीस की परमेश्वरनं तुला त्याच्या वह्या दिल्या. तुझ्या वर्गातला तो, पँटीला कडक इस्त्री करणारा. तवापासून माझ्या डोक्यात एकच बसलं, की तू त्याच्यासंगं फिरतेस.

मग मी हिशेब मांडला. पावलांचा हिशेब मला कुणी शिकवावा? राधाकिशन पाटलाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची तर भोवती वाघरीची जाळी लावायची जागा मी ढांगा टाकूनच मोजतो. टेप लावून कैकदा पाहिलंय, माझी एक ढांग म्हणजे एक मीटर. म्हणून पंधरा हजार पावलं म्हणजे पंधरा किलोमीटर, हजारानं भागलं की झालं. तुला सोडायला आलतो तवा वसतिगृह ते दवाखाना मोजून ठेवलं होतं, आठशे ढांगा. दोनदा जाणं, दोनदा येणं, तीन किलोमीटर अन् वर दोनशे मीटर. उरले जवळपास बारा. बारा किलोमीटर ही बाई जाते कुठं? तुझा वॉर्ड काय माजलगावच्या धरणाएवढा हाय का? भाकर गोड लागंना. मेंढरं एका वाटेनं, मी दुसऱ्या वाटेनं. दिंद्रुडच्या बाजारात कुणाची इस्त्रीची पँट दिसली तरी डोकं फिरायचं. खोटं कशाला बोलू, मीबी एक पँट इस्त्री करून आणली आणि ती घालून मेंढरांमागं गेलतो. आई पोट धरून हसली.

काल पाटलाच्या रानात पुन्हा जागा मोजत होतो. तीन आठवड्यांमागं तू सुट्टी संपवून परत निघालीस, तवा आपण एसटी धरायला त्याच बांधाच्या कडेनं गेलतो. त्या दिवशी रान ओलं होतं. काळ्या मातीत तुझ्या चपलांचे ठसे वाळून तसेच राहिलेत, शेजारी माझ्या वहाणांचे. मेंढराच्या खुरावरून कोणतं लंगडतंय ते मी सांगतो, पण तुझं पाऊल लग्नाच्या आठ वर्षांत कधी बघितलं न्हाई, कारण मी कायम पुढं. खाली बसून बघितलं तर माझ्या एका ढांगेत तुझी दोन पावलं. टेप लावली. तुझी वीस पावलं, दहा मीटर. म्हणजे पाऊल अर्ध्या मीटरचं, आणि पंधरा हजारांचे साडेसातच किलोमीटर. त्यातनं जाण्यायेण्याचे वजा केले तर चारच्या वर थोडे उरतात, ते खाटांमधून सलाईन घेऊन पळण्यात सहज संपत असतील. लई लाज वाटली. त्याहून वाईट हे वाटलं, की आठ वर्षं तू माझ्या मागं पळतच होतीस. तरी परमेश्वरवरची जळजळ गेली न्हाई, खरं सांगतो. तो तुझ्या बरोबरीनं चालत असणार, तुझ्या पावलाला पाऊल जुळवून. ते मला कधी जमलं न्हाई.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहितोय ते. परवा फोनवर मी सांगितलं, की आई अंगणात पडली, कंबर मोडली, परीक्षा सोड आणि शुक्रवारच्या पहिल्या गाडीनं ये. संगीता, आई पडली न्हाई. ठणठणीत हाय, सकाळीच दोन हंडे पाणी आणलं तिनं. तिला यातलं काही ठाऊक न्हाई, म्हणून तर तिच्या हाती मी फोन दिला न्हाई. त्या बारा किलोमीटरांपायी मी तुझं वर्ष बुडवायला निघालो होतो. आताबी फोनच करणार होतो, पण तुझा आवाज आला की मला खोटंच सुचतं. शेजारचा धर्मराज आज बहिणीकडं अंबाजोगाईला मुक्कामी चाललाय, त्याच्या हाती हे धाडतोय. उद्या गाडीत बसू नकोस, पेपर दे. धर्मराजला बजावलंय, ती परीक्षेच्या खोलीत शिरेपर्यंत फाटकापाशी थांब, आणि तिनं मला शिव्या दिल्या तर एकबी न विसरता घेऊन ये.

तुझाच, आणि अजून जळणारा,
अंगद